पेम्ब्रोकशायर: पाच दिवस, आई-बाबा आणि बाबांचा गुडघा

ओंजळ

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा आमच्याकडे रेडिंगला येत आहेत. बाबा ७२, आई ६८. हाताशी पाच दिवस आहेत. मागच्या खेपेला लंडन, बाथ आणि स्टोनहेंज झालं. यंदा वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरला न्यावं असं फार मनात आहे.

कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर टेनबीला दोन दिवस गेले होते. ओहोटीच्या वेळी बंदरातलं पाणी पार गेलेलं, आणि होड्या वाळूवर एका कुशीवर कलंडून पडलेल्या. मागे टेकडीवर गुलाबी-निळी-पिवळी घरं. आई गुहागरची आहे, लग्नानंतर पुण्यात आली ती आलीच. त्या होड्या बघितल्या तेव्हाच ठरवलं की हे आईला दाखवायचं.

अडचणी: बाबांचा उजवा गुडघा. सपाटीला दीड-दोन किलोमीटर आरामात चालतात, पायऱ्या मात्र जपून. आई शाकाहारी. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. बाबा निवृत्त गणित शिक्षक आहेत, पण किल्ला दिसला की गुडघा विसरतात, म्हणून मलाच लक्ष ठेवावं लागतं. नवऱ्याचं म्हणणं, लेक डिस्ट्रिक्ट करू, सगळे तिकडेच जातात.

कुठे राहावं? काय बघावं, आणि मुख्य म्हणजे काय गाळावं?

वाटसरू७

लेक डिस्ट्रिक्टच करा. पाच दिवस एकाच जिल्ह्यात काय करणार?

खाडीकाठ

वाटसरू, मी स्वान्सीत अकरा वर्षं राहतोय, दरवर्षी दोन-तीनदा पेम्ब्रोकशायरला जातो आणि अजून माझं बघून झालेलं नाही. हे राष्ट्रीय उद्यान १९५२ सालचं. ब्रिटनमध्ये मुख्यतः किनाऱ्यासाठी घोषित झालेलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे. उत्तरेला सेंट डॉगमेल्सपासून दक्षिणेला अॅमरॉथपर्यंत १८६ मैलांची पायवाट कड्यांच्या अगदी काठाकाठानं जाते. ती १९७० साली खुली झाली.

ओंजळताई, माझ्या मते एकच मुक्काम करू नका. नकाशावर जिल्हा लहान दिसतो, पण रस्ते अरुंद. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे झुडपांचे बांध, समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं. वीस मैलांना तास लागला तर नवल नाही. तीन रात्री दक्षिणेत टेनबीजवळ, दोन रात्री सेंट डेव्हिड्सला. गाडी लहान घ्या आणि रिव्हर्सचा सराव करून ठेवा, हे मनापासून सांगतोय.

रेडिंगहून सरळ एम-४ धरायचा, तो संपेपर्यंत. सेव्हर्नच्या पुलावर टोल होता, तो डिसेंबर २०१८ पासून बंद झालाय. मग कार्मार्थन आणि पुढे. न थांबता चार तास धरा, आई-बाबांसह साडेपाच.

गडवाट

किल्ल्यांचं मी सांगतो, ब्रिस्टलला असताना दोनदा जाऊन आलोय.

पेम्ब्रोक किल्ला चुकवू नका. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि मधोमध पेम्ब्रोकचा सरदार विल्यम मार्शल यानं बाराव्या-तेराव्या शतकाच्या वळणावर बांधलेला गोल बालेकिल्ला. जवळपास २४ मीटर उंच, आणि वर दगडी घुमट. आत उभं राहून मान वर केली की मधले मजले गळून गेल्यामुळे नजर थेट घुमटाला भिडते. इथेच २८ जानेवारी १४५७ ला सातवा हेन्री, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झाला तो, जन्मला. त्याची आई मार्गारेट ब्यूफर्ट तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि बाप एडमंड ट्यूडर आदल्या नोव्हेंबरातच कैदेत वारलेला. ते वाचल्यावर मला किल्ला वेगळाच दिसायला लागला. तेरा वर्षांची विधवा, ऐन थंडीत, त्या दगडी भिंतींत.

बाबांसाठी: आतलं आवार गवताचं आणि बऱ्यापैकी सपाट आहे. जमिनीवर वेल्सचा भलामोठा नकाशा रंगवलाय, नातू त्यावर उड्या मारेल. बुरुजांचे जिने गोल आणि अरुंद, तिथे बाबांना खालीच बसवा. किल्ल्याखाली वोगन नावाची मोठी नैसर्गिक गुहा आहे, तिचाही जिना गोलच. मुलाला न्या, बाबांना नको.

दुसरा कॅर्यू. हा माझा जास्त लाडका. एका बाजूनं फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांची गढी आणि दुसऱ्या बाजूनं पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मोठमोठ्या खिडक्यांची हवेली, एकाच इमारतीत. खिडक्यांतून आता नुसतं आभाळ दिसतं. शेजारी भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी. भरतीला तळ्यात पाणी अडवायचं, ओहोटीला सोडायचं, त्यावर चाक फिरायचं. वेल्समध्ये जतन करून उभी ठेवलेली अशी ही एकच गिरणी. तळ्याभोवती साधारण मैलभराची सपाट फेरी आहे, गुडघ्याला झेपेल अशी.

ओंजळ

गडवाट, गिरणीचं ऐकून बाबा आत्ताच निघतील. खाडीकाठ, दोन मुक्कामांची कल्पना पटली.

चिमणचारा

जून म्हणजे स्कोमर! बाकी काहीही गाळा, स्कोमर गाळू नका.

पफिन हा पक्षी जन्मभर समुद्रावर राहतो आणि फक्त एप्रिल ते जुलै जमिनीवर येतो, अंडं घालायला. तेही बिळात, आणि एकच अंडं. स्कोमर बेटावर अलीकडच्या मोजणीत चाळीस हजारांहून जास्त पफिन भरले. विक नावाच्या कड्यापाशी तुम्ही वाटेवर उभे असता आणि ते चोचीत चांदीच्या तारांसारखे मासे आडवे धरून तुमच्या पायांमधून धावत बिळात शिरतात. वाट सोडायची नाही, कारण सगळी जमीन पोखरलेली असते, पाय पडला की बीळ ढासळतं.

आणखी एक पक्षी तिथे आहे, दिवसा दिसतच नाही. मँक्स शिअरवॉटर. सुमारे साडेतीन लाख जोड्या एका बेटावर, जगातली सर्वांत मोठी वसाहत. रात्री अंधार पडल्यावर समुद्रावरून येतात आणि ज्या आवाजात ओरडतात तो ऐकून अंगावर काटा येतो. मी बेटावर एक रात्र राहिले होते, झोपले नाही. थंडीत हेच पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जातात.

मार्टिन्स हेवनहून होडी सुटते. सोमवारी बंद, जागा मोजक्या, आधी आरक्षण करा.

अण्णा_सांगलीकर

चिमणचाराताई, लिहिलंय छान, पण बेटावर उतरल्यावर ८७ पायऱ्या चढायच्या असतात हे नाही सांगितलंत. मी सत्तरीत चढलो, मधे तीनदा थांबलो. वर गेल्यावर बसायला सावली नाही, खायला काही मिळत नाही, आणि होडी ठरल्या वेळीच परत नेणार. ज्याचा गुडघा दुखतो त्याला हे आधी सांगायला हवं. आणि वारा उत्तरेकडून असला की धक्का उघड्यावर पडतो, होडी लागत नाही, फेरी रद्द.

चिमणचारा

अण्णा, चूक मान्य. पायऱ्यांचं लिहायलाच हवं होतं. ओंजळ, मग असं कर: मुलगा आणि एक मोठं माणूस बेटावर, बाकीचे दुसरीकडे.

खाडीकाठ

त्या "दुसरीकडे"साठी माझ्याकडे नेमकी जागा आहे. दक्षिणेला कॅसलमार्टिनजवळ स्टॅक रॉक्स. वाहनतळापासून कड्यापर्यंत सपाट गवतावर दोन-तीन मिनिटांचं चालणं. समुद्रातून उभे राहिलेले चुनखडीचे दोन खांब, आणि जूनमध्ये त्यांवर गिलेमॉट पक्षी इतके दाटीवाटीनं बसलेले की दगड दिसत नाही. इथले लोक त्या पक्ष्यांना एलेगग म्हणतात आणि खांबांनाही तेच नाव. शेजारीच 'ग्रीन ब्रिज ऑफ वेल्स', समुद्रानं कोरलेली कमान. ऑक्टोबर २०१७ च्या ओफेलिया वादळात तिचा एक भलामोठा तुकडा कोसळला, तरी अजून उभी आहे. पायऱ्या एकही नाही.

मात्र हा लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो तो भाग आहे. लाल निशाण लागलं असेल तर रस्ता बंद. शनिवार-रविवार बहुतेक वेळा खुला असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक बघूनच निघा.

सेंट गोवन्सचं चॅपलही तिथेच, कड्याच्या कपारीत चिणून बसवल्यासारखं एक खोलीचं दगडी देऊळ. पायऱ्या उतरताना आणि चढताना मोजल्या तर आकडा जुळत नाही अशी आख्यायिका आहे. पण बाबांनी ते वरूनच बघावं.

तिखटमीठ

आमच्या घरात चौघांचे चार आकडे आले होते, आख्यायिका खरी आहे!

ओंजळ, आईच्या खाण्याचं. वेल्श केक म्हणजे तव्यावर भाजलेल्या जाड गोड टिकल्या, बेदाणे घातलेल्या. गरम असतील तर एकावर थांबता येत नाही. पण जुन्या रीतीत डुकराची चरबी घालतात, म्हणून लोण्याच्या आहेत का ते विचारूनच घ्या. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, लोणी लावून खायचा, तो आईंना नक्की आवडेल. समुद्री शेवाळ शिजवून काळा-हिरवा लगदा करतात, त्याला लेव्हरब्रेड म्हणतात. नुसता तो शाकाहारीच, पण बहुतेक ठिकाणी बेकनच्या चरबीत परततात. मला फार आवडला, चवीला समुद्रच. फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर हे शेवाळ वाळवायची एक जुनी झोपडी नीट करून ठेवलीय.

गावांमध्ये रात्री आठनंतर स्वयंपाकघरं बंद होतात. बरोबर पोह्यांचं साहित्य आणि थेपले असू द्या.

अण्णा_सांगलीकर

आणि मेतकूट.

वाटसरू७

अवांतर होतंय, पण विचारतो. समुद्र, ओहोटी, किल्ले हे सगळं कोकणात आहे. आईंना गुहागरलाच का नेत नाही? मुद्दाम खोचकपणे विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

ओंजळ

रागावले नाही हो. गुहागरला दर दोन वर्षांनी जातोच. पण आईला समुद्र फक्त माहेरचाच माहीत आहे. इतकी वर्षं ती म्हणते, "आमच्याकडे असं असतं." दुसऱ्या कुणाकडे कसं असतं ते तिला बघायला मिळावं, एवढंच.

वाटसरू७

पटलं. लेक डिस्ट्रिक्ट मागे घेतो.

दर्यावर्दी

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. मी रत्नागिरीचा, एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, नेणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर. कतारहून वायू घेऊन आमची जहाजं मिलफर्ड हेवनच्या साउथ हुक धक्क्याला लागतात. आजवर चार वेळा पेम्ब्रोकशायरला आलोय आणि जमिनीवर एकूण सहा तास काढलेत.

पण मी तो किनारा समुद्राकडून बघितलाय. पहाटे सेंट अॅन्स हेडचा दिवा दिसतो, मग बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, चढतो, आणि जहाज आत वळतं. बाहेर लाटा डोंगराएवढ्या, आत शिरल्यावर खाडी तळ्यासारखी शांत. दोन्ही बाजूंना तांबड्या मातीचे कडे आणि वर हिरवी शेतं. नकाशात बघा, समुद्र जमिनीत किती आत शिरलाय. सातवा हेन्री फ्रान्सहून परत आला तो याच तोंडाशी, डेलजवळच्या मिल बेला उतरला, ७ ऑगस्ट १४८५. बावीस ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत तेव्हाचा राजा तिसरा रिचर्ड पडला आणि हा राजा झाला. म्हणजे पंधरा दिवसांत.

याच तोंडाशी फेब्रुवारी १९९६ मध्ये 'सी एम्प्रेस' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि ७२,००० टन कच्चं तेल सांडलं. आमच्या प्रशिक्षणात ती घटना शिकवतात. हजारो पक्षी मेले, किनारे काळे झाले. आज तुम्ही ज्या वाळूत बसणार आहात ती माणसांनी हातांनी साफ केलेली आहे, हे मुलाला जरूर सांगा.

चिमणचारा

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. समुद्राकडून किनारा कसा दिसतो याचा कधी विचारच केला नव्हता.

पाटीपेन्सिल

बाबा गणिताचे शिक्षक आहेत हे वाचून मी इतका वेळ वाट बघतेय की कुणीतरी सांगेल. टेनबी हे रॉबर्ट रेकॉर्डचं गाव आहे! बरोबरचं चिन्ह ज्यानं काढलं तो. १५१० च्या आसपास टेनबीत जन्मला. १५५७ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं की "च्या बरोबर आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, म्हणून मी एकसारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा काढतो, कारण याहून जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. त्याचं मूळ चिन्ह आजच्यापेक्षा खूप लांब होतं, चांगल्या ताणलेल्या रेघा. अधिकचं चिन्ह इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवलं तेही यानंच. पुढच्याच वर्षी, १५५८ ला, लंडनच्या तुरुंगात वारला.

टेनबीच्या मधोमध सेंट मेरी चर्च आहे, त्यात त्याचं स्मारक आहे. चर्च रस्त्यालगत, चढ नाही.

ओंजळ

पाटीपेन्सिल!!! मला टेनबीत दोन दिवस राहून हे कळलं नव्हतं. बाबांना आत्ता सांगणार नाही. कुणी त्यांना ओळखत असाल तर कृपया तुम्हीही सांगू नका.

गडवाट

टेनबीचा कोटही बघा. 'फाइव्ह आर्चेस' नावाचा पाच कमानींचा दरवाजा शाबूत आहे. समोर सेंट कॅथरिन बेटावर एकोणिसाव्या शतकातला किल्ला, ओहोटीला वाळूवरून चालत जायचं, अलिबागच्या कुलाब्यासारखं. गावाचं वेल्श नाव दिनबिख-अ-पिसगोद, म्हणजे माशांची गढी.

कॅल्डी बेटावरही जाऊन या, टेनबीहून वीस मिनिटांची होडी, रविवारी बंद. तिथे सिस्टर्शियन साधूंचा मठ आहे, साधू अत्तर आणि चॉकलेट करून विकतात. ओहोटी असेल तर होडी बंदरातून नाही, कॅसल बीचवरून सुटते.

वाटसरू७

स्टोनहेंजचे दगड इथूनच नेले ना? मग ते झालंच की.

खाडीकाठ

सगळे नाहीत. मोठे उभे सार्सन दगड स्टोनहेंजच्या जवळपासचेच, मार्लबरोकडचे. लहान निळसर दगड मात्र पेम्ब्रोकशायरच्या प्रेसेली डोंगरातले, तिथून सुमारे १४० मैल. आणि मधली आडवी शिळा स्कॉटलंडच्या ईशान्येकडची असल्याचं २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं, तोवर तीही वेल्सची समजत.

प्रेसेलीच्या उतारावर पेंत्रे इव्हान आहे. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान. पाच मीटर लांब, सोळा टनांच्या आसपासची शिळा तीन उभ्या दगडांच्या नुसत्या टोकांवर टेकलेली. वाकून बघितलं तर शिळा आणि दगड यांच्या मधून पलीकडचं आभाळ दिसतं. तिकीट नाही, रखवालदार नाही, मेंढ्या चरत असतात. रस्त्यापासून पाच मिनिटं चालणं. बाबांनी स्टोनहेंज दोरीबाहेरून बघितलं असेल, इथे दगडाला हात लावता येतो.

अण्णा_सांगलीकर

सेंट डेव्हिड्सबद्दल कुणीच लिहीना. मी तिथे चार दिवस होतो, म्हणून लिहितो.

लोकसंख्या दोन हजारांच्या आत, तरी शहर. ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं. १९९५ साली दुसऱ्या एलिझाबेथ राणीनं स्वतः येऊन शहराची सनद दिली. रस्त्यावरून कॅथीड्रल दिसतच नाही. दरवाज्यातून आत गेलं की ते खाली दरीत बसलेलं दिसतं, ३९ पायऱ्या उतरून जायचं. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना शिखर दिसू नये म्हणून खोलगटात बांधलं असं सांगतात. पण लुटारू यायचे ते आलेच, १०८० साली तर त्यांनी बिशपलाच मारलं. आजची इमारत ११८१ मध्ये सुरू झाली. आत शिरल्यावर आपल्यालाच चक्कर येतेय असं वाटतं, कारण फरशी चढणीची आहे आणि खांब बाहेरच्या बाजूला झुकलेले. वर ओक लाकडाचं कोरीव छत. वेदीसमोर एडमंड ट्यूडरची कबर, पेम्ब्रोकला जन्मलेल्या हेन्रीचा बाप तो हाच. गडवाट, तुमची गोष्ट इथे पुरी होते.

बाराव्या शतकात पोप कॅलिक्स्टस दुसरा यानं जाहीर केलं की इथल्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक, आणि तीन म्हणजे जेरुसलेमची. ते वाचलं आणि गुडघे दुखत असताना इथवर चालत आलेली त्या काळची माणसं डोळ्यांसमोर आली. मी बत्तीस वर्षं पंढरीला चालत गेलोय. देव कुठलाही असो, चालणाऱ्याचे पाय सारखेच दुखतात.

ओंजळ, बाबांसाठी खालच्या बाजूनंही रस्ता येतो, पायऱ्या टाळता येतील.

तिखटमीठ

अण्णा __/\__

आणि सेंट डेव्हिड्सचं वेल्श नाव टीदेवी! म्हणजे देवीचं, डेव्हिडचं, घर. पाटी बघून माझ्या सासूबाईंनी गाडीतच हात जोडले होते. अर्थ कळल्यावरही म्हणाल्या, असू दे, संतच आहे ना.

पाटीपेन्सिल

पाट्यांवरून आठवलं, रस्त्यावर 'अराव' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं दिसेल, म्हणजे 'सावकाश'. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले. इतके कमी असूनही प्रत्येक पाटीवर, प्रत्येक फॉर्मवर भाषा आहे, आणि शाळेत सगळ्यांना शिकवतात. पेम्ब्रोकशायरमध्ये तर उत्तर-दक्षिण फरक कानाला कळतो. दक्षिणेत नॉर्मन आणि त्यांनी वसवलेले फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे, लोक, म्हणून गावांची नावं इंग्रजी. उत्तरेत वेल्श. मधल्या रेषेला लँडस्कर म्हणतात. दुकानात जाताना 'दिओल्ख' म्हणा, म्हणजे धन्यवाद. चेहरा खुलतो समोरच्याचा.

गडवाट

उत्तरेत गेलात तर फिशगार्ड. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर शेवटची परकी स्वारी झाली ती इथे, २२ फेब्रुवारी १७९७. सुमारे १,४०० फ्रेंच सैनिक उतरले, सेनापती विल्यम टेट नावाचा अमेरिकन. दोन दिवसांत शरणागती. जेमिमा निकलस नावाच्या बाईनं एकटीनं दाताळं उगारून बारा सैनिक पकडून आणले असं सांगतात, तिची कबर गावातल्या चर्चच्या आवारात आहे. लाल शालींमधल्या बायका लांबून बघून फ्रेंचांना लाल कोटातली फौज वाटली, अशीही गोष्ट आहे. १९९७ मध्ये दोनशे वर्षं झाली तेव्हा गावातल्या बायकांनी ही सगळी स्वारी तीस मीटर लांब कापडावर भरतकामात उतरवली. ते टाऊन हॉलमध्ये लावलंय.

त्या वेळी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. तारखा शेजारी ठेवल्या की इतिहास कसा जवळ येतो.

ओंजळ

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. आई भरतकाम करते, त्यामुळे फिशगार्ड पक्कं. निघतो, आल्यावर लिहीन.

ओंजळ

आलो! लिहायला जुलै उजाडला, माफ करा.

आधी जे बिनसलं ते. टेनबीजवळच्या मुक्कामाला तळमजल्याची खोली सांगून, लेखी कबूल करून घेऊनही, दुसऱ्या मजल्याची खोली मिळाली. बाबा तीन दिवस कठडा धरून चढले-उतरले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारा. आणि स्कोमर झालं नाही. सकाळी मार्टिन्स हेवनला पोचलो तर वारा नेमका उत्तरेचा. अण्णा, तुमचं वाक्य आठवलं. पफिन एकही दिसला नाही. मुलगा गाडीत बराच वेळ गप्प बसून होता.

तिथून शनिवार असल्यामुळे स्टॅक रॉक्सला गेलो. गवतात सगळीकडे गुलाबी फुलांचे गुच्छ, आणि एलेगगच्या खांबांवरून जो कलकलाट येत होता तो ऐकून मुलाचा रुसवा गेला. आई कड्यापासून लांब, गवतावर पाय पसरून बसली होती. तासाभरानं म्हणाली, "आमच्याकडे समुद्र येतो आणि जातो. इथे तो जमीन खातो." मग त्या कमानीकडे बोट दाखवून विचारलं, ही किती वर्षं राहील? मला उत्तर देता आलं नाही.

कॅर्यूची गिरणी बाबांनी दोनदा बघितली. एका पाटीजवळ उभं राहून भरतीच्या वेळा, पाण्याचं क्षेत्रफळ, सगळा हिशेब नातवाला समजावला. फिशगार्डच्या कापडापुढे आई टाका न् टाका बघत सव्वा तास होती. पेंत्रे इव्हानला पाऊस होता, तरी दोघांनी दगडाला हात लावला. सेंट डेव्हिड्सला आम्ही खालच्या रस्त्यानं गेलो, पण परतताना बाबा हट्टानं ३९ पायऱ्या चढले. मी मागे, मुलगा पुढे, प्रत्येक पायरीचा आकडा मोठ्यानं म्हणत.

आता टेनबी. पहिल्याच दिवशी दुपारी चर्चमध्ये गेलो. मी काही बोलले नाही, फक्त त्यांना त्या बाजूला नेलं. भिंतीवरचा दगड त्यांनी चष्मा वर करून, मग खाली करून वाचला. मग मुलाला म्हणाले, वही दे. त्याची चित्रकलेची वही होती. त्यावर त्यांनी पट्टी न घेता दोन रेघा काढल्या, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एवढं लांब काढायचा तो," म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं! चौतीस वर्षं आठवीला पहिल्या तासाला ते रेकॉर्डची गोष्ट सांगायचे. गाव कुठलं हे मात्र कधी बघितलं नव्हतं. बरोबरचं चिन्ह वाकडं काढलं म्हणून मी किती पोरांना पुन्हा लिहायला लावलंय, असं म्हणत बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. बाहेर आलो तेव्हा ओहोटी लागली होती. आईला घेऊन बंदरावर गेलो, होड्या वाळूवर कलंडलेल्या होत्या.

पाटीपेन्सिल, तुम्हाला बाबांचा नमस्कार.

पाटीपेन्सिल

काय लिहू. बाबांना माझाही नमस्कार सांग. त्या पानाला जप.

चिमणचारा

ओंजळ, लेकाला सांग, पफिन दरवर्षी त्याच बिळात परत येतात. पुढच्या मे महिन्यात या, तेव्हा बेटावर निळी ब्लूबेल फुलं असतात. दोन दिवस हाताशी ठेवा, म्हणजे वारा फिरला तरी एक दिवस उरतो.

दर्यावर्दी

सप्टेंबरात पुन्हा मिलफर्डला लागतोय. या वेळी सहा तास जमिनीवर मिळाले तर थेट पेम्ब्रोकचा बालेकिल्ला. ओंजळताई, धक्क्यावरून टॅक्सीनं जाऊन येणं जमेल का?

ओंजळ

जमेल. खाडीवरचा पूल ओलांडला की पेम्ब्रोक फार लांब नाही. किल्ल्यात तासभर पुरतो, पण शेजारच्या तळ्याकाठी बाक आहेत, तिथे अर्धा तास काढाच. आईनं तिथेच बसून थेपले संपवले.